कधीच न भरलेली टाकी

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावातलं आहे. २०२३ च्या गणपतीत ते उघडकीला आलं आणि पुढे जवळजवळ वर्षभर चाललं. घराची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मापं, घटनांचा क्रम आणि चुका मात्र होत्या तशाच लिहिल्या आहेत. मी या भागात घरबांधणीची कामं बघतो. या कामात पहिल्या संध्याकाळपासून होतो, त्यामुळे घेतलेल्या निर्णयांत माझाही वाटा आहे.

पार्श्वभूमी

घर चिऱ्यांचं, २००८ साली बांधलेलं. मालक निवृत्त प्राथमिक शिक्षक. गावात त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. गुरुजी, काकू, मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडं अशी सहा माणसं बारमाही घरात. जमीन उताराची. वरच्या अंगाला घर, मागच्या दारी सेप्टिक टाकी, तिच्याखाली शोषखड्डा आणि आणखी खाली गडग्याला लागून विहीर. टाकीपासून विहिरीपर्यंत टेप धरली तेव्हा अंतर नऊ मीटर भरलं.

टाकीचं माप तसं बरोबर होतं. आतून दोन मीटर लांब, नव्वद सेंटिमीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर चाळीस, म्हणजे अडीच हजार लिटर. मध्ये आडवी भिंत घालून दोन कप्पे केलेले, पहिला मोठा, दुसरा लहान. भारतीय मानक आयएस २४७० मध्ये दहा माणसांसाठी, दर दोन वर्षांनी उपसा धरून, याच मापाची टाकी सांगितली आहे. मात्र त्यातली ‘दर दोन वर्षांनी’ ही अट कोणी पाळली नव्हती. पंधरा वर्षांत टाकी एकदाही उपसली गेली नव्हती.

गुरुजींना याचा अभिमान होता. “आमची टाकी आजवर एकदाही भरली नाही,” हे मी त्यांच्या तोंडून पूर्वीही ऐकलं होतं. आपल्याकडे चांगल्या टाकीची परीक्षा अशीच होते. ज्याची टाकी भरत नाही त्याचा गवंडी हुशार! या एका समजुतीपायी कोकणातल्या किती विहिरी खराब होत असतील, या विचाराने मला खरोखर काळजी वाटते.

खरं तर सेप्टिक टाकी वापरात आली की दोन-तीन आठवड्यांत काठोकाठ भरते, आणि तशी भरलेलीच राहायला हवी. वरून जेवढं पाणी येतं तेवढंच दुसऱ्या टोकाने शोषखड्ड्यात जातं. टाकीत पाणी थांबतं तेवढ्या वेळात जड मैला खाली बसतो आणि त्याचा गाळ होतो. तेल-चरबी वर येऊन सायीसारखी जाड पापडी धरते. मधल्या थरातलं त्यातल्या त्यात निवळ पाणी बाहेर पडतं. हवेशिवाय जगणारे जिवाणू गाळाचा बराच भाग पचवतात, पण सगळा कधीच नाही. म्हणून पाणी कुठवर आलंय हे बघून काही समजत नाही. गाळ किती चढलाय ते बघावं लागतं. शिवाय बाहेर पडणारं पाणी शुद्ध नसतं. रोगजंतू त्यात असतातच. त्यांचा बंदोबस्त पुढे शोषखड्ड्याभोवतीच्या मातीत व्हायचा असतो, म्हणजे निम्मं काम टाकीच्या बाहेर चालतं.

आणखी दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात, कारण त्यांचा उलगडा नंतर झाला. २०१९ मध्ये न्हाणीघराला टाइल्स बसवल्या. तोवर न्हाणीचं पाणी आळ्यांतून माडांना आणि अळवाला जायचं. नळकाम करणाऱ्याने ते आणि वॉशिंग मशीनचं पाणी ‘एकाच लायनीत बरं’ म्हणून टाकीला जोडून दिलं. त्याच सुमारास मागच्या दारी कोबा घातला. टाकीची झाकणं त्या कोब्याखाली गेली आणि ती कुठे होती हे घरात कुणालाच नीट आठवेना.

अडचण

२०२३ ची गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. मुंबईहून चाकरमानी आले आणि घरात बावीस माणसं झाली. पाऊसही धरून होता. चौथ्या दिवशी, गौरी पूजनाच्या सकाळी, संडासात पाणी टाकलं की गुडगुड आवाज येऊ लागला आणि पाणी वर चढून हळूहळू उतरायला लागलं. दुपारी न्हाणीघराच्या जाळीतून काळं पाणी उलटं आलं. शोषखड्ड्याच्या भोवती जमीन पचपचीत झाली होती आणि वास थेट माजघरापर्यंत येत होता. एकीकडे गौरीचा नैवेद्य, दुसरीकडे हे! काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं.

सूनबाईंनी मला एक गोष्ट सांगितली, जी आधी कुणी सांगितली नव्हती. दर पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, संडासाचं पाणी सावकाश उतरायचं. “पावसात असं होतंच,” म्हणून घरात कुणी त्याकडे लक्ष दिलं नाही. दिवाळीपर्यंत ते आपोआप सुरळीत व्हायचं.

पहिला निर्णय: येणारं पाणी आधी कमी करा

मी पोचलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. गवंड्याला निरोप गेला होता, टँकरसाठी फोनाफोनी चालू होती. पण सणात दोन दिवस टँकर मिळणार नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून आधी हिशोब केला. बावीस माणसांच्या आंघोळी, धुणं आणि संडास मिळून दिवसाला दोन हजार लिटरच्या वर पाणी टाकीत येत होतं. टाकीत निम्मा गाळ असेल असं धरलं तर पाण्याला जागा उरते बाराशे-साडेबाराशे लिटर. म्हणजे पाणी टाकीत जेमतेम अर्धा दिवस थांबत होतं. एवढ्यात गाळ बसत नाही, तो पाण्याबरोबर पुढे शोषखड्ड्यात जातो आणि खड्ड्याची छिद्रं बुजवतो.

न्हाणीघराचा नळ बाहेरच्या कोपऱ्यात कापला, त्याला लवचीक पाइप जोडला आणि पाणी पुन्हा माडांच्या आळ्यांत सोडलं. अर्ध्या तासाचं काम. पुरुषमंडळींना शेजारच्या दोन घरांतले संडास वापरायला सांगितलं. रात्री नऊपर्यंत जाळीतून येणारं पाणी थांबलं. विसर्जन निभावलं ते या एका कापलेल्या नळावर.

झाकण शोधताना

टँकर आला तरी नळी घालायची कुठून? कोबा सगळा सारखा. गवंडी म्हणाला, अंदाजाने चार ठिकाणी फोडू. काकूंना धाकट्या नातवाच्या बारशाचा फोटो आठवला. बारसं मागच्या दारच्या मांडवात झालं होतं, कोबा घालायच्या आधी. सूनबाईंनी मोबाइलमध्ये तो फोटो काढून दिला. पाळण्यामागे आत्याबाई उभ्या आहेत आणि त्यांच्या पायाशी लोखंडी कडी असलेलं सिमेंटचं झाकण दिसतंय. मागे खिडकीचा कोपरा. त्या कोपऱ्यापासून अंतर मोजलं, छिन्नी लावली, आणि कडी पहिल्याच फटक्यात सापडली. दुसऱ्या कप्प्याचं झाकण तिथून दीड मीटरवर निघालं.

झाकण उघडायच्या आधी सगळ्या मुलांना पुढच्या अंगणात पाठवलं, विड्या विझवल्या, कुणी वाकून डोकवायचं नाही असं बजावलं. मग एक सरळ बांबू घेतला, त्याच्या खालच्या दीड मीटरला जुन्या पांढऱ्या धोतराची पट्टी घट्ट गुंडाळली आणि तो हळूच तळाला टेकवला. पाच मिनिटं तसाच धरून वर काढला. धोतर तळापासून पंच्याऐंशी सेंटिमीटरपर्यंत काळंकुट्ट आणि चिकट झालं होतं. त्याच्या वर राखाडी पाण्याचा पट्टा आणि अगदी वर पापडीची तपकिरी खूण, वीतभर. एक मीटर चाळीसमध्ये गाळ आणि पापडी मिळून एक मीटरच्या वर! गाळ आणि पापडी मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशावर गेली की उपशाची तयारी करावी, अर्ध्यापर्यंत तर जाऊच देऊ नये. गुरुजी बराच वेळ त्या बांबूकडे बघत राहिले. ‘टाकी भरली नाही’ हे वाक्य त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

दुसरा निर्णय: आत कोण उतरणार

गवंड्याने दुसऱ्या दिवशी एक माणूस आणला. बादली, दोर, फावडं. चाळिशीचा, किरकोळ शरीराचा. म्हणाला, “अर्धा तास उघडी ठेवू, कंदील सोडून बघू, ज्योत राहिली तर उतरतो. दुपारपर्यंत साफ करून देतो.” टँकरच्या पाव पैशात काम होणार होतं, आणि तेही लगेच. घरात पाहुणे होते, मुलाचा कल तिकडेच झुकला.

कंदिलाची ही परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि ती जीवघेणी आहे. ज्योत फार तर आत ऑक्सिजन आहे की नाही एवढं सांगते. हायड्रोजन सल्फाइड माणसाला मारण्याइतका असला तरी ज्योत जळत राहू शकते. मिथेन साठलेला असेल तर ज्योतीनेच भडका उडेल. नाकावरही भरवसा नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की वास घेण्याची शक्तीच बधिर होते. आता वास गेला असं वाटतं, तो क्षण सगळ्यात धोक्याचा. शिवाय वर निवांत दिसणाऱ्या गाळात फावडं घातलं की अडकून बसलेला वायू एकदम सुटतो. बहुतेक दुर्घटनांत एक माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो.

हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने पुरेशा सुरक्षा साधनांशिवाय सेप्टिक टाकीत माणूस उतरवायला बंदी आहे. तो उतरवणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. घरमालकही त्यातून सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूंसाठी तीस लाख रुपये भरपाई ठरवून दिली. पण गुरुजींनी कायदा ऐकायच्या आधीच निर्णय घेतला होता. त्यांनी त्या माणसाला पडवीत बसवलं, चहा दिला आणि विचारलं, “बाळ, तुला मुलं किती?” तो म्हणाला, तीन. गुरुजींनी त्याला दिवसाची मजुरी दिली, कोबा फोडायचं आणि माती उचलायचं काम दिलं, आणि मुलाला सांगितलं की टँकर येईपर्यंत आपण सगळे शेजारी जाऊ.

तिसरा निर्णय: गाळ जाणार कुठे

पहिला टँकरवाला स्वस्त होता. गाळ कुठे नेणार, असं विचारल्यावर म्हणाला, रात्री वहाळात सोडतो, पाऊस आहे, वाहून जाईल. तो वहाळ पुढे दोन वाड्यांच्या विहिरींजवळून जातो. त्याला परत पाठवलं. दुसऱ्याने शहराजवळच्या मैला प्रक्रिया केंद्रात खाली करायचं कबूल केलं, पण लांबच्या फेरीचे पैसे वेगळे सांगितले आणि तिथली पावती आणून द्यायची अट मान्य केली. तो विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आला.

गाडी पाखाडीपर्यंतच येऊ शकत होती. तिथून टाकी चाळीस मीटर, गाडीजवळची नळी तीस मीटरची. जोडनळी मागवण्यात अर्धा दिवस गेला. टाकी रस्त्यापेक्षा उंचावर होती हे सुदैव. खालून वर खेचताना अशा गाडीची ताकद पाच-सात मीटर उंचीनंतर संपते. घट्ट गाळ नळीत येईना, तेव्हा आधी टाकीतलंच पाणी उलटं जोराने सोडून गाळ ढवळला आणि मग ओढला. कुणीही आत उतरलं नाही. तळाशी वीतभर गाळ मुद्दाम ठेवला, जिवाणू पुन्हा वाढायला तो पुरतो. टाकी फिनेलने किंवा अ‍ॅसिडने धुवायची नसते.

ज्या गावांत ही सगळी धावपळ घरमालकावर पडत नाही ती गावंही महाराष्ट्रात आहेत. वाई आणि सिन्नर इथल्या नगरपरिषदांनी दर तीन वर्षांनी, ठरलेल्या वेळापत्रकाने, घरोघरच्या टाक्या उपसून द्यायची पद्धत सुरू केली. गाडी आपल्या पाळीला येते, कुणाच्या तक्रारीची वाट बघत नाही. आमच्याकडच्या ग्रामपंचायतींनी चार-पाच गावं मिळून असं काही करावं, असं मला मनापासून वाटतं.

सकाळी काय दिसलं

उपसा संध्याकाळी झाला. रात्री संडास वापरला नव्हता, सगळे शेजारी गेले होते. सकाळी मी झाकण उघडलं तर टाकीत गुडघाभर पाणी. आणि ते वरचं नव्हतं, बऱ्यापैकी स्वच्छ होतं. जमिनीतलं पाणी तळातून आत आलं होतं.

टाकीला तळच नव्हता. भिंती चिऱ्यांच्या, आतून अर्ध्यापर्यंत गिलावा आणि खाली उघडा कातळ. आपल्याकडे हे सर्रास करतात. “तळ मोकळा ठेवतो, म्हणजे टाकी कधी भरायची नाही,” असं सांगूनच गवंडी काम घेतो. मग सगळ्या खुणांचा अर्थ लागला. उन्हाळ्यात मैलापाणी तळातून जांभ्यात जिरायचं, म्हणून टाकी ‘भरत’ नव्हती. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर चढलं की जिरायला जागाच उरायची नाही, म्हणून संडास सावकाश उतरायचा. त्यात गाळ वर्षागणिक वाढला, न्हाणीचं पाणी जोडलं गेलं आणि बावीस माणसांच्या चार दिवसांनी उरलंसुरलं संपवलं.

जांभा हा सच्छिद्र दगड. त्यात बारीक वाटा असतात आणि पाणी त्यांतून झरझर जातं. ‘आमच्याकडे पाणी चटकन मुरतं’ याचा आपल्याला आनंद होतो, पण चटकन मुरणारं पाणी गाळलं जात नाही. जंतू मरायला मातीत वेळ आणि अंतर लागतं. आयएस २४७० शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत किमान अठरा मीटर अंतर सांगतं. इथे उघड्या तळाची टाकी नऊ मीटरवर, आणि तीही विहिरीच्या चढाच्या बाजूला.

विहिरीचं पाणी

ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून एच२एस बाटली आणली. विहिरीचं पाणी खुणेपर्यंत भरून ती पडवीत उबेला ठेवली. दूषित पाण्याने ती काळी पडते. चोवीस तास वाट बघायची असते, इथे दुसऱ्या दिवशी सकाळीच ती शाईसारखी काळी होती. जिल्हा प्रयोगशाळेच्या अहवालानेही तेच सांगितलं. पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे शंभर मिलिलिटरमध्ये ई. कोलाय जिवाणू एकही चालत नाही.

धाकट्या नातवाचं पोट दर पावसाळ्यात बिघडायचं. त्याचा आणि विहिरीचा संबंध होताच असं मी ठामपणे सांगू शकत नाही, पोट बिघडायची कारणं बरीच असतात. सूनबाईंना मात्र ती काळी बाटली बघून दुसरं काही सुचेना. त्या दिवसापासून पिण्याला फक्त नळयोजनेचं पाणी, तेही उकळून.

विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायचं प्रमाण साधं आहे: हजार लिटरला पाच ग्रॅम. या विहिरीचा व्यास तीन मीटर, पाणी चार मीटर, म्हणजे अठ्ठावीस हजार लिटर आणि एकशे चाळीस ग्रॅम पावडर. बादलीत कालवायची, साका खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं आणि तासाभराने ओटी टेस्ट करून क्लोरीन उरलाय का बघायचं. हे आम्ही केलं. पण जोवर टाकी जमिनीत झिरपतेय तोवर त्याला अर्थ थोडाच.

टाकीसाठी तोललेले पर्याय

गवंड्याने सुचवलं, शेजारी आणखी एक शोषखड्डा मारू. तो विहिरीच्या आणखी जवळ गेला असता. मुलाचं म्हणणं होतं, आहे त्याच टाकीला तळ घालून घेऊ, स्वस्तात होईल. त्यासाठी माणसं कित्येक दिवस त्या टाकीत उतरवावी लागली असती, आणि तळ घातला तरी अंतर नऊ मीटरच राहणार होतं. आम्ही दोन खड्ड्यांच्या शौचालयाचाही विचार केला. माती खोल आणि पाण्याची पातळी खाली असेल तिथे ते उत्तमच: एक खड्डा बंद ठेवला की वर्ष-दीड वर्षात त्याचं खत होतं. पण इथे वीतभर मातीखाली जांभा आणि पावसाळ्यात पाणी वर, मग ते खड्डेही विहिरीलाच जाऊन मिळाले असते. बाजारात तयार प्लॅस्टिकची टाकी मिळते, ती गळत नाही. मात्र भर पावसात रिकामी केली तर जमिनीतलं पाणी तिला उचलून वर काढू शकतं. काँक्रीटमध्ये जखडावी लागते.

शेवटी ठरलं ते असं: घराच्या पलीकडच्या अंगाला, विहिरीपासून चोवीस मीटरवर आणि उताराच्या दुसऱ्या बाजूला, नवी टाकी. तळाला सहा इंच काँक्रीट, विटांच्या भिंती, आतून संपूर्ण गिलावा. माप जुनंच. सप्टेंबरात खणलं तर खड्ड्यातच पाणी भरेल, म्हणून काम जानेवारीवर ढकललं. तोवर जुनीच टाकी, पण फक्त संडासाच्या पाण्यासाठी. हे चार महिने जमिनीत झिरपणं चालूच राहिलं. या तडजोडीचं मला आजही समाधान नाही.

काम

नव्या जागेपर्यंत संडासाचा नळ चौदा मीटर न्यावा लागला. पन्नासाला एक उतार धरला, म्हणजे अठ्ठावीस सेंटिमीटर घसारा, आणि वळणावर तपासणी चेंबर. टाकी बांधून झाल्यावर गवंडी लगेच जोडणी करायला निघाला होता, त्याला थांबवलं. टाकी पाण्याने भरली, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली, झाकण ठेवलं. पहिल्या दिवशी विटा आणि गिलावा पाणी पितात, ते सोडून दिलं. पुन्हा रेघेपर्यंत भरलं आणि चोवीस तासांनी बघितलं तर पाणी रेघेवर. जोडणी त्यानंतर.

बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी खोल खड्डा टाळला. शोषखड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या पाण्याच्या पातळीच्या वर राहायला हवा, आणि इथे ते जमणारं नव्हतं. त्याऐवजी दोन फूट खोल खडीचा वाफा केला, तळाला जाड प्लॅस्टिक, वर कर्दळ. वाफ्यातून निघालेलं पाणी उथळ चरांतून, भर घातलेल्या लाल मातीत, केळींच्या मुळांशी सोडलं. व्हेंट पाइप छपराच्या दोन मीटर वर नेला आणि डासांसाठी त्याच्या तोंडाला जाळी बांधली. जुन्या टाकीचा व्हेंट पत्र्याची शेड घालताना कापून टाकलेला आढळला होता. झाकणं कोब्याच्या वर दोन बोटं ठेवली, कुलूप लागेल अशी. जुनी टाकी फेब्रुवारीत पुन्हा उपसली, चुना टाकला आणि वरूनच चिऱ्यांच्या तुकड्यांनी आणि मातीने बुजवली.

दोन उपशांना मिळून नऊ हजार रुपये लागले. नवी टाकी, वाफा आणि नळकाम मिळून एक लाख चाळीस हजारांच्या आसपास. २००८ साली तळ घालायला काही पोती सिमेंट पुरलं असतं, फक्त जागा निराळी निवडायला हवी होती.

परिणाम

२०२४ चा गणपती ७ सप्टेंबरला बसला. घरात एकोणीस माणसं होती. न्हाणीचं पाणी माडांना, संडासाचं टाकीला. काही तुंबलं नाही. नवमीला सकाळी गुरुजींनी स्वतः वाफ्याजवळ जाऊन बघितलं, कर्दळीला लाल फुलं होती आणि वास नव्हता.

विहिरीचं उत्तर इतकं सरळ आलं नाही. मार्चमधली बाटली स्वच्छ राहिली, जूनमधलीही. ऑगस्टच्या मोठ्या पावसानंतर लावलेली बाटली पुन्हा काळी पडली. गेल्या वर्षीसारखी एका रात्रीत नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पण काळी. विहिरीच्या चढाच्या बाजूला आणखी तीन घरं आहेत. तिघांच्याही टाक्या ‘कधीच भरत नाहीत’. घरात आजही विहिरीचं पाणी फक्त धुण्या-भांड्याला आणि झाडांना वापरतात.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या दिवशी मी टाकीमागे धावलो आणि विहिरीची आठवण मला तिसऱ्या दिवशी झाली. त्या तीन दिवसांत बावीस माणसं तेच पाणी पीत होती. क्रम उलटा हवा होता. टाकी तुंबल्याचं कळताच शेजारची विहीर पिण्यासाठी बंद करायची आणि मगच बाकीचं बघायचं.

जुनी टाकी बुजवायच्या आधी संडासातून रंग सोडून तो विहिरीत उतरतो का, किती दिवसांत उतरतो, हे बघायला हवं होतं. घाई केली आणि ते राहिलं. तो पुरावा हातात असता तर वरच्या तीन घरांशी बोलणं सोपं गेलं असतं.

मुरण्याची चाचणी आम्ही जानेवारीत घेतली. फूटभर खड्ड्यात भरलेलं पाणी बघता बघता गेलं. त्या आकड्यावर विसंबलो असतो तर खोल शोषखड्डाच केला असता. सूनबाईंनी सांगितलेला ‘जुलै-ऑगस्टचा सावकाशपणा’ आठवला म्हणून थांबलो. कोकणात ही चाचणी भर पावसाळ्यात घ्यावी आणि घरातल्या बायकांना आधी विचारावं. पाणी कधी, कुठे, किती वेळ थांबतं, हे त्यांना बिनचूक ठाऊक असतं.

मुलाने मध्ये तीन वर्षं जिवाणूंच्या पावडरीची पाकिटं टाकली होती, काकूंनी सुरुवातीला शेणकाला टाकला होता. नव्या टाकीला विरजण म्हणून शेणकाला ठीक. पण पंधरा वर्षांचा गाळ कुठल्याही पाकिटाने विरघळत नाही. तेवढ्या पैशांत एक उपसा झाला असता.

आता पडवीच्या आढ्याला तो बांबू टांगलेला आहे, नव्या धोतराच्या पट्टीसह, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात दर होळीला ‘टाकी मोजणे’ अशी गुरुजींच्या अक्षरात नोंद आहे. टाकीचा नकाशा, विहिरीपासूनचं अंतर, झाकणांच्या जागा, उपशाच्या तारखा आणि प्रक्रिया केंद्राच्या पावत्या एका वहीत चिकटवल्या आहेत.

ऑगस्टची काळी बाटली गुरुजींनी फेकली नाही. ती घेऊन ते वरच्या अंगाच्या तिन्ही घरी गेले. दोघांनी ऐकून घेतलं. तिसरे म्हणाले, आमची टाकी वीस वर्षांत भरलेली नाही, पण बांबू घालून बघायला हरकत नाही. त्यांच्या टाकीची झाकणंही कोब्याखाली आहेत. पाऊस सरल्यावर, नोव्हेंबरात, कोबा फोडायचं ठरलं आहे.